उसवण

पहाटे पावणेसहा

घरातून निघण्याआधी मी सुया मोजते. पत्र्याच्या डबीत लोकरीच्या तुकड्याला टोचलेल्या चोवीस सुया, सगळ्या मोठ्या नेढ्याच्या. सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना बारीक नेढं दिसत नाही, आणि दुसऱ्याकडून सुई ओवून घेणं काहीजणींना आवडत नाही. आम्ही जिथे शिवायला बसतो तिथे संध्याकाळी मुलं अनवाणी खेळतात, म्हणून चोवीस गेल्या तर चोवीसच परत यायला हव्यात. हा नियम मी कधी मोडत नाही.

पिशवीत तीनदा धुतलेली दोन नऊवारी लुगडी, मांजरपाटाचा तुकडा, सुती दोऱ्याची रिळं, कात्र्या, दोन भिंगं. वेगळ्या फडक्यात चार लाकडी बॉबिनी आणि एक धोटा. धोटा भंगारवाल्याकडून घेतलेला. गिरण्यांची यंत्रं मोडीत निघाली तेव्हा असलं सामान किलोवर विकलं गेलं. याची दोन्ही टोकं लोखंडी आहेत आणि मधलं लाकूड हाताळून हाताळून तुळतुळीत झालंय. हा हातात दिला की माणसं आपणहून बोलायला लागतात. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ असं मी कुणाला विचारत नाही. त्या प्रश्नावर सगळे एकच उत्तर देतात, की वाटायला वेळ कुठे होता.

सव्वासात

कळव्याहून स्लो लोकलने करी रोड. बोचकं मांडीवर घेऊन बसायला मिळालं तर तो दिवस चांगला. करी रोडच्या पुलावर उभं राहिलं की चारी बाजूंना काचेचे मनोरे दिसतात, आणि त्यांच्या फटीतून एखादी चिमणी. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली, ती ताडदेवला. तिथून पुढची सव्वाशे वर्षं परळ, लालबाग, काळाचौकी, डिलाइल रोड, वरळी या पट्ट्याला लोक गिरणगाव म्हणत आले. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. ज्यांच्याबरोबर मी शिवते त्यांच्यातल्या बहुतेकांची तेव्हा ऐन तिशी होती.

साडेआठ

खोली गणेशोत्सव मंडळाची. काळाचौकीतल्या चाळीच्या तळमजल्यावर, दहा बाय चौदाची. वर माळ्यावर ताशे आणि मखराच्या फळ्या, भिंतीवर वर्षावर्षाच्या गणपतीचे फोटो. मी केर काढते, सतरंजी घालते, भिंतीला लावून सहा खुर्च्या मांडते. खाली बसून शिवायची सगळ्यांना सवय आहे, पण गुडघे ऐकत नाहीत. उजेड दाराकडून येतो, म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या दोघींच्या जागा दाराशी ठरलेल्या.

मग गोधडी उलगडायची. बारा फूट लांब, नऊ फूट रुंद, दीड-दीड फुटाच्या अठ्ठेचाळीस चौकटींची. एकतीस पुऱ्या झाल्यात. ही चाळ पुनर्विकासात पडायची आहे. सगळे संक्रमण शिबिरात जातील आणि काही वर्षांनी इथेच उंच इमारतीत परत येतील, असं ठरलंय. त्या इमारतीच्या हॉलमध्ये ही गोधडी लागणार. शिवण त्याआधी संपायला हवी, कारण एकदा पांगापांग झाली की कांदिवलीला गेलेली बाई सुईदोरा घेऊन काळाचौकीला यायची नाही.

गोधडीच का, भिंतीवर चित्र का नाही, असं मला विचारतात. भिंत पडणार आहे, हे एक कारण. दुसरं असं, की ब्रश हातात दिला की म्हातारी माणसं ‘आम्हाला येत नाही’ म्हणतात. सुई दिली तर कुणी तसं म्हणत नाही. सातारची असो, रत्नागिरीची असो की सावंतवाडीची, प्रत्येकीने कुणाच्या तरी बाळंतपणासाठी वाकळ घातलेली असते. धावदोरा कुठे लांब झाला, कुठे कापडाला चुणी पडली, हे त्या मला दाखवतात. या खोलीत शिकवणाऱ्या त्या आहेत.

दहा

नळाचं पाणी भरून, नातवंडं शाळेत सोडून, भाजी टाकून एकेकजण येते. आज सात बायका आणि दोन पुरुष. चपला दाराशी, चष्मे कमरेच्या पिशवीतून बाहेर.

साचेवाले आजोबा सगळ्यात आधी येतात. साचाखात्यात एकतीस वर्षं उभे होते. शेकडो माग एकदम चालायचे त्या आवाजात कान गेले, आणि रुईच्या बारीक धुळीने छातीत घरघर बसली ती आजही आहे. खात्यात बोलून काही ऐकूच येत नसे, म्हणून सगळा कारभार खुणांवर चालायचा. जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय हे सांगायला मिशीला पीळ, चहाला अंगठा ओठाशी. त्या खुणा आजही त्यांच्या हातात आहेत. मी काही विचारलं की आधी हात हलतो, मग शब्द.

त्यांच्यासाठी मी दोरा मुद्दाम तोडून देते. तुटलेल्या दोन टोकांची गाठ मारताना त्यांचा हात मी कितीदा पाहिला, तरी नीट पकडता आलेला नाही. डाव्या अंगठ्याखाली दोन्ही टोकं आडवी-उभी दाबली जातात, उजव्या हाताने धागा अंगठ्याच्या नखाभोवती फिरतो, एक टोक फाशात शिरतं, अंगठा सुटतो. एवढ्यात गाठ झालेली असते, आणि बोट फिरवलं तरी लागत नाही. हात इतके कापतात की चहाचा कप बशीत वाजतो. गाठ मारताना कापत नाहीत. त्यांच्या चौकटीत आम्ही चित्र घातलंच नाही. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याच्या एकाखाली एक अशा त्यांच्या चाळीस गाठी आहेत. लांबून चौकट रिकामी वाटते, हात लावला की कळतं.

अकरा

या वेळी खरं काम होतं. फोन मधल्या स्टुलावर ठेवलेला असतो, रेकॉर्डिंग चालू आहे हे सगळ्यांना दिसेल असा. कुणीही हात लांब करून तो उलटा ठेवू शकतं. उलटा ठेवला की मी बंद करते.

आज भोंग्याची चौकट निघाली. गेले चार दिवस अडली होती. आवाज शिवायचा कसा? मी चिमणी आणि धूर काढून आणला होता. वाइंडिंग खात्यात कांड्या भरणाऱ्या मावशींनी कागद बाजूला सारला. “भोंगा धुरातनं येत नव्हता, अंगातनं यायचा,” त्या म्हणाल्या. प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा आणि प्रत्येकीला आपला ओळखू यायचा. झोपेत दुसऱ्या गिरणीचा वाजला तर कूस बदलायची, आपला वाजला की पाय जमिनीवर. शेवटी त्यांनीच सुचवलं. गोधडीला आपण कडेने दोरा घालत घालत मध्याकडे येतो. या चौकटीत मध्यापासून सुरू करायचं आणि गोल गोल बाहेर जायचं, टाका दर फेरीला थोडा लांब करत. त्यांनी मध्यावर बोट ठेवलं, मी खडूने पहिलं वर्तुळ आखलं. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा समोरच्या आजी म्हणाल्या, “हां. आता वाजतोय.”

मावशींचं काम सुटलं ते संपात नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात ठेवायला बंदी होती. गिरण्या तीन पाळ्यांत धावू लागल्या, नवी यंत्रं आली, आणि ज्यांना रातपाळीला लावता येत नाही त्या कामगार मालकांना नकोशा झाल्या. गिरणी कामगार म्हटलं की आजही डोळ्यांसमोर पुरुषच येतो. मावशींना याचा राग आहे, आणि तो रास्त आहे. त्यांच्या चौकटीत नायकीण आहे, बायकांच्या खात्यावर देखरेख करणारी, कमरेला पानाची चंची लावलेली. चंची खऱ्या खणाची आहे आणि तिचा बंद उघडतो.

खानावळीच्या काकूंच्या दोन चौकटी आहेत, कारण एकीत माणसं मावेनात. घाटावरून, कोकणातून पुरुष एकटे यायचे, एका खोलीत पाळीपाळीने वीस-पंचवीस जण राहायचे, आणि जेवायला शेजारच्या खोलीत. काकू एका खोलीत अठरा जणांचं रांधायच्या, त्याच खोलीत संसार. पैसे पगारानंतर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खानावळवाल्यांसाठी, त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. संपात अठरापैकी अकरा जण गावी गेले. सात राहिले, आणि काकूंनी त्यांना पैसे न घेता जेवू घातलं. भाकरी तीच, कालवण पातळ. हे सांगताना त्या सुई थांबवत नाहीत. ताटं काढायला त्यांनी ऑर्गंडीचे गोल कापून आणलेत, आणि प्रत्येक ताटात वाढलेलं वेगळं. “हा कारलं खात नसे,” असं म्हणत एका ताटातलं हिरवं त्यांनी काढून टाकलं. तो माणूस जाऊन बावीस वर्षं झाली.

आणखी एका आजींच्या चौकटीत भांडी. संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात एका घरातून मोडीत गेलेली हंडा, कळशी, परात, घंगाळ. भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं असतं ना, कुणी कुणाला कशानिमित्त दिलं ते. तसंच नाव आजींनी एकेका टाक्याच्या टिंबाने घातलंय. अक्षर वाचायला भिंग लागतं. त्यांना शिवताना पाहून मी एकदा म्हटलं, थोडं मोठं करूया का? “होतं तेवढंच,” त्या म्हणाल्या.

साडेबारा

उठायच्या बेताला दाराशी बसणाऱ्या सावंतवाडीकडच्या आजी माझ्याजवळ सरकल्या. बोटाने आपली चौकट दाखवली, वरून दुसरी ओळ, तिसरी.

“बाय, ह्या माका नको. उसव.”

ती चौकट पुरी होऊन दोन महिने झालेत. पुऱ्या झालेल्या एकतिसांत सगळ्यात सुंदर ती आहे, असं मी घरी दहादा बोलून दाखवलं असेल. मी म्हटलं, आजी, काही चुकलंय का? रंग बदलूया? त्यांनी मान हलवली. चुकलं काहीच नव्हतं. परवा त्यांच्या मुलाने घरात सहज म्हटलं, की गोधडी हॉलमध्ये लागली की सगळी बिल्डिंग बघणार. त्या रात्री आजींना झोप लागली नाही.

त्या चौकटीत काय होतं ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते उसवायला सांगितलं, तेव्हाच ते सांगायचा माझा हक्क संपला.

दीड

डबे एकत्र उघडले. बांगड्याचं तिखलं, मेथी, ज्वारीची भाकरी, माझी बटाट्याची भाजी. मी फारशी बोलले नाही. मनात वाद चालला होता. चौकट राहावी म्हणून मी काय काय म्हणू शकते याची यादीच डोक्यात तयार होत होती. नाव काढून टाकू, कुणाला कळणार आहे, इतक्या वर्षांनी काय फरक पडतो. ही सगळी वाक्यं माझ्या सोयीची होती.

जेवताना एका आजींची सून त्यांना गोळी द्यायला आली. हसून म्हणाली, “ताई, तुम्ही कसं ऐकता? घरी त्याच त्याच गोष्टी सांगतात.” तिच्यावर माझा राग नाही. नोकरी, मुलं, पाणी, सगळं तिच्या डोक्यावर आहे. पण अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ सालीच मांडलं होतं, की म्हातारपणी मागचं पुन्हा पुन्हा आठवणं हे भ्रमिष्टपणाचं लक्षण धरू नये. ते आयुष्याचा हिशेब लावण्याचं काम असतं. इथे बसून मला ते रोज दिसतं. तीच गोष्ट आठव्यांदा सांगताना माणूस एक तपशील बदलतो, आणि त्या तपशिलासाठीच ती पुन्हा सांगितलेली असते. हिशेब लावताना एखादी रक्कम खोडावीही लागते. मी खोडरबर लपवून ठेवलं तर ते काम त्यांचं राहत नाही.

दोन

बाकीच्या घरी गेल्यावर आजी आणि मी दोघीच बसलो. आधी फोन. “त्यातलंय काढ,” त्या म्हणाल्या. त्यांच्या नावाच्या तीन फाइली होत्या. त्यांच्यासमोर मी त्या पुसल्या, आणि घरच्या संगणकावरची प्रत संध्याकाळी पुसेन असा शब्द दिला.

मग उसवण. शिवण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो, घाई केली तर कापड फाटतं. हे लुगडं पन्नास वर्षांचं असेल, मऊ, कांद्याच्या सालीसारखं. उलट्या बाजूने दर चौथा टाका कातरायचा, मग सुलट्या बाजूने सुईच्या टोकाने दोरा उचलायचा. ओढायचा नाही. मी कातरत होते, आजी उचलत होत्या. निघालेला दोरा त्या डाव्या तर्जनीभोवती गुंडाळत गेल्या. हिरवा, मग तांबडा, मग परत हिरवा. फेकला नाही.

पाऊण तासाने चौकट मोकळी झाली. मी ती दाराच्या उजेडात धरली आणि सगळं पुन्हा दिसलं, भोकांनी काढलेलं. जिथे जिथे टाका होता तिथे टाचणीच्या टोकाएवढा उजेड येत होता. आजींनीही पाहिलं. पाणी मारून, उलट्या बाजूने नखाने घासलं की सुती कापडाची भोकं बरीचशी मिटतात, हे मला माहीत आहे आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त. तांब्या शेजारीच होता. दोघींपैकी कुणी हात लावला नाही.

साडेतीन

चहा. गिरण्या चालू होत्या तेव्हा साडेतीनला पहिली पाळी सुटायची आणि दुसरी भरायची. गिरण्या बंद होऊन एवढी वर्षं झाली, तरी या चाळीत चहाची वेळ साडेतीनच आहे. साचेवाले आजोबा कठड्याशी आले, माझ्याकडे बघून अंगठा ओठाशी नेला. मी किटली उचलली.

साडेचार

एका संस्थेचे दोघे पाहुणे आले. प्रदर्शनासाठी वारसा-कला गोळा करतायत. गोधडी त्यांना मनापासून आवडली, त्यांनी बराच वेळ ती वाकून पाहिली. मग म्हणाले, संपाचं एखादं मोठं दृश्य मध्यभागी असतं तर? मोर्चा, झेंडे, लोकांना पटकन कळेल असं.

त्यांना मी जे सांगितलं ते इथेही सांगते. संपावर लिहिलं गेलंय आणि चांगलं लिहिलं गेलंय. जयंत पवारांचं ‘अधांतर’ आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्याच तोंडून गिरणगावाचा इतिहास ऐकून २००४ साली पुस्तक केलं. आमच्या ठाण्याचे डॉक्टर-चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी कष्टकऱ्यांचं शहर आयुष्यभर रंगवलं. मोर्चा कुणाला आठवला तर तो या गोधडीत येईल, आणि दोन चौकटींत आलाही आहे. पण ज्या बाईला मोर्चाच्या दिवशीचं पातळ कालवण आठवतं, तिच्या चौकटीत मी झेंडा शिवणार नाही.

दुसरी गोष्ट नावांची. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वस्तीतल्या बायकांनी केलेली वाकळ एका दालनात लागली, तेव्हा खाली पाटी होती, ‘अनामिक कारागीर’. अकराजणी होत्या आणि अकराही नावं मी लिहून दिली होती. त्यातल्या एक ते पाहायला दोन गाड्या बदलून आल्या आणि पाटी वाचून काही न बोलता परत गेल्या. त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. तेव्हापासून नावं कागदावर देत नाही. मागच्या बाजूला, ज्याच्या त्याच्या चौकटीखाली, ज्याच्या त्याच्या हाताने शिवलेली असतात. लिहिता येत नसेल तर मी खडूने काढून देते, दोरा तिचाच. पाहुण्यांना मी गोधडी उलटी करून ते दाखवलं. वरून दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या चौकटीमागे नाव होतं. पुढे काहीच नव्हतं.

“ही अजून व्हायची आहे का?” त्यांनी विचारलं.

“ते आजी ठरवतील.”

सहा

मुलं कॅरम घेऊन आली. मी सतरंजी झटकली, हाताने चाचपली, कोपरे पाहिले. सुया मोजल्या. तेवीस. खुर्च्यांखाली विजेरी मारली, केरसुणीतून चुंबक फिरवलं, दोन पोरांना चपला घालायला लावल्या. तेवीसच. गोधडीच्या घड्या एकेक करून तपासल्या तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. मोकळी झालेली ती चौकट खालच्या थरावर फक्त कच्च्या टाक्यांनी धरून ठेवली होती, आणि ती जागेवर नव्हती.

साडेनऊ

घरी येऊन पहिलं काम, संगणकावरच्या त्या तीन फाइली पुसल्या. कचऱ्याच्या टोपलीतूनही काढल्या. मग भोंग्याची चौकट वहीत उतरवली. कुणी काय म्हटलं, कुणी मध्येच काय दुरुस्त केलं, दोरा कोणता, कापड कुणाचं. हे रोज लिहावं लागतं, दोन दिवसांत बायकांचे शब्द माझ्या शब्दांत मिसळून जातात.

दहाला फोन वाजला. आजींच्या नातीचा नंबर, पण बोलत आजीच होत्या, मागे टीव्ही चालू होता.

“सुई माझ्याकडे हा गो. पदराक टोचलेली रवली. ता कापडय मीच हाडलंय.”

मी म्हटलं, बरं झालं, मी पोरांना चपला घालायला लावल्या होत्या.

त्या थोडं थांबल्या. “हिरवो दोरो थोडो कमी पडतलो,” त्या म्हणाल्या. “फाल्या येताना घेवन ये.”

वहीच्या पानावर उद्याच्या सामानात मी लिहिलं, हिरवं रीळ, एक.